मधुमेही मातेचे बाळंतपण : जीवनरक्षणाची सुरुवात कोठे?

गर्भातील जीव हे परमेश्वराचे दान आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. परंतु ते दान उदरी वाहणाऱ्या मातेच्या प्रकृतीची आपण कितपत काळजी घेतो? माता मधुमेही असेल तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो.

मधुमेही मातांची बाळंतपणे पाच वर्षांत इतर मातांइतकीच सुरक्षित व्हावीत, असे उद्दिष्ट १९८९ साली इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथील जाहीरनाम्यात युरोपीय देशांनी ठेवले होते. प्रत्यक्षात इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधील २००२-०३ च्या पाहणीत, आधीपासून मधुमेह असलेल्या मातांच्या बाळांमध्ये जन्माच्या आगेमागे होणारे मृत्यू जवळजवळ चौपट, तर जन्मजात व्यंगे दुप्पट आढळली. प्रगत रुग्णालये असूनही असे का व्हावे? बाळाचे हृदय व पाठीचा कणा पहिल्या सात-आठ आठवड्यांतच आकार घेतात. तोवर अनेकींना दिवस गेल्याची खात्रीही नसते. म्हणून रक्तातील साखर गर्भधारणेपूर्वीच आटोक्यात हवी.

दुसरे संकट प्री-एक्लॅम्पसियाचे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, बहुधा लघवीतून प्रथिनेही जातात. मधुमेही स्त्रीला हा धोका कितीतरी अधिक असतो. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना ही लक्षणे "दिवसांत असे व्हायचेच" म्हणून घरात दुर्लक्षिली जातात. पुढे झटके येऊन माता व बाळ दोघेही दगावू शकतात. उपाय मात्र आहेत. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. धोका असलेल्या स्त्रीला बाराव्या आठवड्यापासून डॉक्टर अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. ते स्वतःहून घेऊ नये.

आपल्या देशात पहिल्या तपासणीच्या वेळी व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजावी, असा शासकीय दंडक आहे. २०१६ पासून दरमहा ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणीही होते.

आपल्या धर्मग्रामांतील विवाहपूर्व शिबिरांत प्रेम, निष्ठा व अपत्यांविषयी आपण बोलतो. तेथेच साखर व रक्तदाबाविषयीही बोलले पाहिजे आणि ते वधूइतकेच वरानेही ऐकले पाहिजे. पवित्र मरिया गर्भवती एलिझाबेथच्या घरी सुमारे तीन महिने राहिली. आपल्या शेजारच्या गर्भवतीला तपासणीला सोबत करणे, हेही जीवनरक्षणाचेच कार्य आहे.