वाट, स्थान आणि कथेचा अधिकार

कथा आणि स्थान यांचे नाते मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. म्हाइंभटाने लीळा संकलित केल्या, तर पुढे मुनिव्यासांच्या 'स्थानपोथी'ने त्या लीळा जेथे घडल्या त्या स्थानांची नोंद केली. मात्र ही नोंद पंथाने स्वतः, स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या श्रद्धेपोटी केली होती. याच जिल्ह्याच्या उत्तरेस, मेळघाटात, आदिवासींच्या कथा पायवाटेवर मांडण्याचा विचार करताना हाच निकष लावणे आवश्यक ठरते.

चिखलदऱ्याला येणाऱ्या प्रवाशाला भीमाने कीचकाला दरीत लोटल्याची कथा हमखास ऐकावयास मिळते. कोरकूंची उत्पत्तिकथा मात्र त्याच्या कानी सहसा पडत नाही. रावणाच्या विनंतीवरून महादेवाने तांबड्या वारुळाच्या मातीचे स्त्री-पुरुष घडविले. इंद्राचे घोडे ते तुडवीत राहिले. अखेर महादेवाने कुत्रा घडवून राखणीला ठेवला, तेव्हा कोठे मूला आणि मुलाई जिवंत झाले. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या इंग्रजी ग्रंथात ही कथा आली आहे. परंतु तो एका कथनाचा सारांश आहे, कथन नव्हे.

फलकावर लिहिलेल्या कथेचीही हीच मर्यादा आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिच्यातील कथा मराठीत व देवनागरीत चार ओळींत बसविली की सांगणाऱ्याचा स्वर, ऐकणाऱ्याचा हुंकार आणि पाठभेद हे तिन्ही गळून पडतात. शिवाय कोणती कथा परक्यासमोर सांगावी आणि कोणती सांगू नये, हा निर्णयही समाजाच्या हातून निसटतो.

प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. श्रावणात अकोटकडील भाविक पोपटखेडवरून सातपुडा चढून धारगडच्या यात्रेला जातात. ज्या गावाच्या नावाने ही यात्रा ओळखली जाते, त्या धारगडचे आणि गुल्लरघाट, अमोना आदी गावांचे व्याघ्रप्रकल्पामुळे अकोला जिल्ह्यात पुनर्वसन झाले आहे. वाट डोंगरात जाते. गाव मात्र सपाटीवर उतरले आहे. अशा वाटेवर कथा सांगण्यासाठी फलक पुरेसा नाही. सांगणाऱ्याला त्या वाटेवर पुन्हा चालता आले पाहिजे. त्याच्या कथनाचे पहिले श्रोते पर्यटक नव्हेत, तर पुनर्वसित गावांतील कोरकू मुले असावीत.

वऱ्हाडातील मराठी विभागांना येथे मोठे काम आहे. कथन कोरकूत ध्वनिमुद्रित करावे, पाठभेद राखावेत, सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि मुद्रणाची एक प्रत त्याच्या गावी ठेवावी. लीळा सांगणाऱ्यांचा शब्द जपण्याविषयी महानुभावांनी दाखविलेली काटेकोर निष्ठा ज्या प्रदेशाच्या परंपरेत आहे, त्या प्रदेशाकडून एवढी अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.