गाढवावर बसून आलेला राजा

राजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे छत्रचामरे, अंबारीचा हत्ती, निदान एखादा उमदा घोडा तरी उभा राहतो. गाढव काही उभे राहत नाही. मराठी मुलखात गाढवावर बसण्याचा मान कोणास मिळतो, हे वाचकांस सांगावयास नको. तोंडास काळे फासून गावभर धिंड! तेव्हा ख्रिस्ती लोकांचा तारणारा राजा यरुशलेम नगरीत गाढवाच्या शिंगरावर बसून शिरला, ही कथा ऐकून आमच्याकडील श्रोत्यास प्रथम हसू यावे, यात नवल ते काय? शिकल्यासवरल्या घरांतही ही कथा बहुधा त्या हसण्यापाशीच थांबते. रामेश्वरास न्यावयाचे गंगोदक तहानेल्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या नाथांच्या मुलखात तरी ती तेथेच थांबू नये, असे आम्हांस वाटते.

घोडा मिळाला नाही म्हणून गाढव, असा तेथे प्रकार नव्हता. ख्रिस्तापूर्वी काही शतके जखऱ्या नावाच्या यहुदी संदेष्ट्याच्या ग्रंथात असा राजा येईल असे भाकीत आले आहे. आणि त्याच्याच पुढे रथ, युद्धाचे घोडे व धनुष्ये नाहीशी होतील, असेही म्हटले आहे. त्या देशात घोडा हे लढाईचे जनावर, गाढव हे घरादाराचे. प्राचीन काळी तेथील न्यायाधीशांचे पुत्रही गाढवावर बसत. म्हणजे त्या वाहनात अपमान नव्हता. ‘मी सैन्य घेऊन आलो नाही’ अशी ती दवंडी होती. लोकांस तर रोमची सत्ता उलथून टाकणारा राजा हवा होता. त्याची खरी धिंड निघाली ती नंतर, त्याच आठवड्यात. शिपायांनी काट्यांचा मुकुट घातला, आणि क्रुसावर ‘यहुद्यांचा राजा’ अशी पाटी लावली.

मराठी बायबलात या राजास ‘लीन’ म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्दात नम्र, गरीब व गांजलेला, हे सारेच अर्थ येतात. आमच्या शास्त्रांसही राजाच्या ठिकाणी विनय हवाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे पहिले अधिकरणच विनयाधिकारिक. परंतु तेथील विनय म्हणजे शिस्त व इंद्रियजय, आणि त्याच्या पाठीशी दंड सज्ज असतो. ज्याच्या हाती दंड आहे त्याने नम्र असावे, हे आपणांस चटकन पटते. दंड हाती घेणेच ज्याने नाकारले, त्यास राजा म्हणावयाचे की नाही, ही अडचण खरी आहे, आणि आमच्या मते ती गाढवाहून मोठी आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांस ती अडचण वाटली नाही. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन घरातील या घटनेने लक्ष्मीबाईंच्या वाट्यास काय आले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या भगिनींस ठाऊकच आहे. लीन राजाच्या मागे जाणाऱ्याच्या घरची माणसे किती होरपळतात, याचाही हिशेब राहिला पाहिजे. लक्ष्मीबाई स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या, आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले. टिळकांनी १९१७ साली संन्यास घेऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. नाव दरबाराचे खरे, पण त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यासही जागा होती. १९१९ साली ते निवर्तले.

राजाचे अनुयायी घोड्यावर बसले की काय होते, हे पाहावयास गोव्याकडे वळावे. फादर स्टीफन्स १५७९ साली तेथे आले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. इतक्या प्रेमाने आमची भाषा शिकलेला परदेशी मनुष्य विरळाच. आणि त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते, त्याच राजाच्या नावाने! क्रूस दोघांपाशीही होता. यात दोष कल्पनेचा की माणसांचा, असे कोणी विचारील. माणसांचा, असे आम्ही म्हणू. परंतु छळ सोसणाऱ्यास या भेदाचा काय उपयोग?

हिंगणघाटाहून फार दूर जावयास नको, अशी एक गोष्ट आमच्याच जिल्ह्यात आहे. १९४२ च्या जून महिन्यात लुई फिशर हे अमेरिकन लेखक सेवाग्रामास गांधीजींकडे आठवडाभर राहिले. गांधीजींच्या कुटीत त्यांस ख्रिस्ताची एक काळीपांढरी तसबीर दिसली. तोच आमची शांती, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर छापलेले होते. फिशरांनी विचारता गांधीजी म्हणाले की मी ख्रिस्ती आहे, तसाच हिंदू, मुसलमान आणि यहुदीही आहे. पुढे ९ ऑगस्टास मुंबईत सरकारने त्यांस पकडले. त्या मातीच्या भिंतींवर शोभेचे असे दुसरे काहीच नव्हते, असे फिशरांनी नमूद करून ठेवले आहे.