नॅव्हिगेटरचं नाव कुणाला आठवतं?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील धरणांवर झालेल्या हल्ल्याबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. १६ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाची १९ लँकेस्टर विमाने धरणे फोडायला निघाली. नेतृत्व गाय गिब्सनचे. त्याचे नाव पुस्तकात असते, चित्रपटात असते. पण त्याला अंधारात त्या धरणापर्यंत नेलं कुणी, असं विचारलं की वर्ग गप्प!

तो होता टेरी टेरम, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातील मायलो या छोट्या गावचा. वय २२ वर्षे.

नॅव्हिगेटरचे काम म्हणजे गणिताचे काम. पडद्याआड छोटे टेबल, त्यावर नकाशा, पेन्सिल, कंपास. वारा विमानाला किती ढकलतोय याचा सतत हिशोब. तुम्हीच करून बघा. विमान तासाला ३२० किलोमीटर जातंय आणि दिशा फक्त ५ अंशांनी चुकली, तर तासाभरात ते मार्गापासून सुमारे २८ किलोमीटर बाजूला जाते. (त्रिकोणमिती कशाला शिकायची, असं विचारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.) धरणाशी तर टेरमला आणखी एक काम होतं. विमानाखालच्या दोन दिव्यांचे झोत पाण्यावर एकत्र येईपर्यंत, म्हणजे उंची बरोबर ६० फूट होईपर्यंत, त्याने खिडकीतून पाहत वैमानिकाला खाली घ्यायला सांगायचे. ६० फूट, म्हणजे साधारण सहा मजली इमारत!

त्या रात्री ८ विमाने परतली नाहीत, ५३ जण गेले. टेरम परतला. पण धरणाखालच्या पुरात सुमारे १३०० माणसे मेली, आणि त्यांत मोठ्या संख्येने सोव्हिएत प्रदेशातून सक्तीने मजुरीला आणलेल्या स्त्रिया होत्या. त्यांचा या युद्धात दोष तो काय?

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की टेरमला देव्हाऱ्यात बसवू नये, आणि खुनी म्हणून मोकळंही होऊ नये. काहींना हे दोन्ही बाजूंना खूश करणं वाटेल. मला ते अर्धवट धडा न शिकवणं वाटतं. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मारले गेले, बहुतेक असेच विशीतले. लंडनमध्ये त्यांचे स्मारक झाले ते थेट २०१२ साली, आणि त्यावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख कोरलेला आहे. उशिरा का होईना, हे बरं केलं.

आता सप्टेंबर १९४३ कडे या. गिब्सन तेव्हा कॅनडाच्या दौऱ्यावर होता. कॅलगरीत तो टेरमच्या आईला भेटला, मुलाचं कौतुक केलं. त्यानंतर काही दिवसांतच, १५ सप्टेंबरच्या रात्री, आठ लँकेस्टर डॉर्टमुंड-एम्स कालव्यावर हल्ल्याला निघाली. गिब्सनच्या जुन्या चमूतले चौघे या वेळी जॉर्ज होल्डनच्या विमानात होते, टेरमही त्यांतच. वाटेतच जमिनीवरच्या तोफांनी विमान पाडले. आठांपैकी पाच विमाने त्या रात्री गेली.

टेरमचा धाकटा भाऊ लॉर्न, तोही हवाई दलातच होता. १९४५ मध्ये तोही गेला.