खानदेशचा ठेका ट्रॉलीवरून उतरवा

‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं 2024 मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं जगासमोर आणलं. त्याचा निर्माता क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे. गायक श्रेयस सागवेकर. शिकागोच्या क्लबांत 1980च्या दशकात जन्मलेल्या हाऊस संगीतावर रांगडी मराठी बसवलेली. ठोका दणदणीत, तरी शब्द बेसखाली दबत नाहीत. इकडे ‘बबल्या इकस केसावर फुगे’ आणि ‘हाई झुमकावाली पोर’ या अहिराणी गाण्यांवर खानदेशाबाहेरच्याही वराती नाचल्या. मग जळगाव-धुळ्यात त्याच गाण्यांखाली ठेका घालणाऱ्या पोरांची नावं कुणाला का माहीत नाहीत? हुन्नर कमी पडतो म्हणून नव्हे, जागा चुकीची आहे म्हणून. आपल्याकडे क्लब म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, आणि ती समोरच्या मंडळाला हरवायला लागते, ऐकवायला नाही.

खानदेशातल्या कानबाई देवीचंच घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी वाजतगाजत निघते. बायाबापड्यांच्या तोंडची चाल घ्यायची, तिचा तुकडा कापायचा, खाली किक पेरायची, ठेका हळूहळू चढवत न्यायचा, क्षणभर सगळं थांबवायचं आणि मग एकदम आदळायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. पण फाइल पेनड्राइव्हवर गेली की दोन ओळींच्या मध्ये ‘डीजे अमुक’ अशी आरोळी तेवढी उरते. गाणारीचं नाव तर आधीच पुसलेलं असतं. ट्रॉलीवर आवाज लाल दिव्यापर्यंत ढकलला की ध्वनिलहरींची टोकं सपाट होतात. ज्या शांततेमुळे तो ठोका छातीत बसायचा ती शांतताच भरून जाते, आणि निर्मात्याच्या रात्रभराच्या मेहनतीचा नुसता घरघराट होतो. गोंगाटाचा पहिला बळी हा निर्माताच.

‘सरळ बंदी घाला’ म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. 2018 च्या गणेशोत्सवात उच्च न्यायालयानं डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. शिवाय हे मोजमाप माणसाच्या कानाला धरून असल्यानं 50 हर्ट्‌झच्या बेसमधून मीटर सुमारे 30 डेसिबल वजा करतो. आकडा सोज्वळ दिसतो आणि घराच्या काचा थरथरतात. तेव्हा भिंत जावीच. पण भिंतीबरोबर संगीतही टाकाऊ ठरवणं ही आळशी टीका झाली. शब्द थिल्लर असतात म्हणे. असतात काही, हाच आळ तमाशावरही होता. बेसशिवाय मजा नाही, हा उलटा आक्षेप तर माझ्याच बाजूचा आहे. उघड्या रस्त्यावर बेस पसरून विरतो, म्हणून खोक्यांवर खोकी चढतात. बंदिस्त सभागृहात थोडक्या ताकदीत तोच ठोका भरतो. राहिला सिस्टीमवाल्यांच्या पोटाचा प्रश्न. तो खरा आहे, कर्ज काढून घेतलेली यंत्रं आहेत ती. पण लग्नसराई आणि गणपती सोडून वर्षभर काम देणारं ठिकाण त्यांनाही हवंच आहे.

जळगावात छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर. या दोन्ही नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी महिन्यातली एक संध्याकाळ अहिराणी नृत्यसंगीताला द्यावी. आवाजाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा जागांसाठी सांगितली तीच ठेवावी : 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या आत. प्रत्येक गाण्याआधी गायिका, गीतकार आणि ठेका रचणारा, तिघांची नावं पडद्यावर यावीत. आणि पहिल्या रांगेत त्या बायांना बसवावं, ज्यांची कानबाईची गाणी आजवर न विचारता वापरली गेली.