मौन हे संमतीचे लक्षण नव्हे

जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र काही दिवसांपूर्वी आले. त्याला आपली जुनी मोटार विकायची होती. तिला काय किंमत येईल याचा अंदाज घ्यावा म्हणून त्याने गाड्यांचे मूल्य सांगणारे एक संकेतस्थळ उघडले. गाडीची जात, वर्ष, धावलेले किलोमीटर अशी माहिती भरली. शेवटी नाव, पत्ता आणि ई-मेल मागितला गेला, तोही दिला. पडद्यावर एक ढोबळ आकडा आला आणि विषय संपला असे त्याला वाटले. पंधरा दिवसांनी ‘मूल्यांकन सेवे’चे बिल आले. त्याने दुर्लक्ष केले, तेव्हा स्मरणपत्र आले. त्यानंतर एका वसुली कंपनीचे पत्र आले, आणि त्यात मूळ रकमेवर वसुलीचा खर्चही चढविलेला होता. पत्राच्या शेवटी तो लिहितो, “सर, भरून टाकू का? रक्कम लहान आहे आणि झोप मोठी आहे.”

हे शेवटचे वाक्य मला अस्वस्थ करून गेले. अर्थशास्त्राचा पदवीधर असलेला, चांगला पगार मिळविणारा, सुशिक्षित माणूस जे देणे आपण लागत नाही हे त्याला ठाऊक आहे, ते देणे फेडावयास तयार होतो. कर्ज घेतलेले नाही, तरी कर्जदाराची मनःस्थिती तयार झाली आहे. या मनःस्थितीवरच तो सारा धंदा उभा आहे.

आपल्या साप्ताहिकाचे काही वाचक म्हणतील की ज्यांच्याकडे मोटार आहे आणि ती विकून दुसरी घ्यावयाची आहे, त्यांच्या दुखण्याशी समाजवादी चळवळीला काय करावयाचे आहे? मोटारवाल्यांना वकील मिळतात, आपण भूमिहीनांचे पाहावे. हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो चुकीचा आहे. प्रश्न मोटारीचा नाहीच. माणसाने ‘होय’ म्हटलेले नसताना त्याच्या नावावर देणे चढविण्याचा अधिकार भांडवलाला आहे की नाही, हा प्रश्न आहे. हे तंत्र श्रीमंत देशातील मोटारमालकावर यशस्वी होत असेल, तर आपल्याकडील मोलकरणीच्या मोबाइलमधील शिल्लक त्यातून कशी सुटणार?

प्रथम या धंद्याचे अर्थकारण पाहू. पूर्वी व्यापाऱ्याला माल विकण्यासाठी गरज असलेला माणूस शोधावा लागे. पुढे मोठ्या भांडवलाने जाहिरातीच्या बळावर गरजच निर्माण करावयास आरंभ केला. गॅलब्रेथ यांनी १९५८ साली ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’मध्ये हा क्रम उलगडून दाखविला. आता त्याही पुढची पायरी आली आहे. येथे माल लागत नाही, गरज लागत नाही, जाहिरातीचा खर्चही फारसा लागत नाही. केवळ पत्ता लागतो. पत्ता मिळाला की बिल पाठवावयाचे. यंत्राने पत्र पाठविण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. शंभरांपैकी ऐंशी जणांनी ते पत्र टोपलीत टाकले, तरी उरलेल्या वीस जणांचे पैसे हा निव्वळ नफा. आणि रक्कम मुद्दामच अशी ठेवलेली असते की वकिलाची फी तिच्याहून अधिक व्हावी. एकट्याने लढणे महाग आणि शरण जाणे स्वस्त, अशी ही मांडणी आहे. शरण जाणारा माणूस मूर्ख नसतो. त्याचा हिशेब बरोबरच असतो. म्हणूनच त्याला ‘सावध राहा’ असा उपदेश करून भागत नाही. ज्या बाजारात शहाण्या माणसाचा बरोबर हिशेब लुटारूच्या खिशात पैसे टाकतो, तो बाजारच बदलावा लागतो.

जर्मनीने तो काही प्रमाणात बदलला, हे मान्य केले पाहिजे. तेथील दिवाणी संहितेत २००० साली एक कलम घातले गेले. व्यापाऱ्याने ग्राहकाला न मागितलेली वस्तू वा सेवा पुरविली, तर त्यातून ग्राहकाविरुद्ध कोणताही दावा उत्पन्न होत नाही, असे ते सांगते. तरीही संकेतस्थळांच्या जाळ्यात ‘फुकट’ म्हणून ओढून बारीक अक्षरांत वर्गणी लपविण्याचा रोग तेथे फोफावला. तेव्हा १ ऑगस्ट २०१२ पासून दुसरा नियम आला. मागणी नोंदविण्याच्या बटणावर ‘पैसे देण्याच्या बंधनासह मागणी’ अशा अर्थाचे निःसंदिग्ध शब्द असलेच पाहिजेत. नसतील तर करारच झाला नाही असे मानावयाचे. शिवाय दूरस्थ करारातून चौदा दिवसांत माघार घेण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्काची माहिती ग्राहकाला नीट दिली नसेल तर ती मुदत आणखी बारा महिन्यांनी लांबते.

म्हणून विद्यार्थ्याला मी कळविले की एक पैसाही भरू नकोस. एकच पत्र लिही. असा कोणताही करार झालेला नाही, झाला असे तुमचे म्हणणे असेल तर तो तुम्ही सिद्ध करा. तरीही सावधगिरी म्हणून मी त्यातून माघार घेतो आणि तुमचे देणे पूर्णपणे नाकारतो. पत्राची प्रत आणि पाठविल्याचा पुरावा जपून ठेव. वसुली कंपनीच्या पत्राला घाबरू नकोस; ते न्यायालय नव्हे. तिच्या पत्रात तुझे नाव ‘शुफा’ या पतनोंद संस्थेकडे पाठविण्याची धमकी असेल. परंतु जे देणे ऋणकोने नाकारले आहे, ते केवळ स्मरणपत्रांच्या बळावर तेथे नोंदविता येत नाही. नकार लेखी असावा, तो एवढ्याचसाठी.

मात्र एका ठिकाणी गाफील राहू नकोस, हेही मी त्याला बजावले. जर्मनीत न्यायालयामार्फत वसुलीचा एक सोपा मार्ग आहे. धनकोने अर्ज केला की देणे खरे की खोटे हे न तपासताच न्यायालय ऋणकोला नोटीस धाडते. दोन आठवड्यांत हरकत नोंदविली, तर धनकोला दावा लावून पुरावा द्यावा लागतो. हरकतीला कारण देण्याचीही गरज नाही. पण गप्प बसलास, तर खोटे देणेही वसुलीयोग्य होऊ शकते. व्यापाऱ्यासमोरचे मौन संमती नाही. न्यायालयाच्या लखोट्यासमोरचे मौन मात्र महागात पडते. हा भेद कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावा, कारण आपल्याकडेही ‘काही होत नाही’ म्हणून समन्स कोनाड्यात टाकून देणारे घरोघर आहेत.

आता आपल्या घरात पाहू. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो. लग्नाच्या बाबतीत त्याने किती मुलींचे आयुष्य नासले हे निराळे सांगावयास नको. व्यवहाराच्या कायद्याने तरी हे वचन केव्हाच नाकारले आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा खटला झाला. काकाने पुतण्याला लिहिले होते की तुझ्याकडून काही कळले नाही, तर तीस पौंड पंधरा शिलिंगांना घोडा माझा झाला असे मी समजेन. न्यायालयाने सांगितले की असे दुसऱ्याच्या मौनावर करार लादता येत नाही. तेव्हा घोडा होता, आज मोटार आहे. न्याय तोच आहे. आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या तेराव्या कलमानुसार दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. ज्याला ‘फुकट किंमत कळेल’ असे वाटले आणि ज्याने ‘हा गिऱ्हाईक झाला’ असे धरले, त्या दोघांत एकच अर्थ कोठे आहे?

पण एका जुन्या कायद्यावर विसंबून भागणार नाही. त्याच कायद्याचे सत्तरावे कलम सांगते की फुकट देण्याचा हेतू नसताना एकाने काही कायदेशीरपणे केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. चतुर व्यापारी या फटीत पाय घालतो. जर्मन संहितेतल्यासारखे सरळ, सर्वांना लागू होणारे कलम आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नाही. आहेत ते तुकडे. मोबाइल कंपन्या न मागितलेल्या गाण्यांचे आणि भविष्याचे पैसे कापत, तेव्हा दूरसंचार नियामकाने २०१३ साली ग्राहकाच्या दुहेरी होकाराची सक्ती केली. २०२० च्या ई-व्यापार नियमांनी आधीच खूण केलेल्या चौकटीला संमती मानावयाचे नाही असे ठरविले. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली न मागितलेल्या क्रेडिट कार्डाचे बिल लावल्यास ती रक्कम परत करून वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला देण्याचे बंधन घातले. नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे तेरा प्रकार मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध केले. त्यांत टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे आणि वर्गणीचा सापळा हे दोन्ही आहेत.

कागद चांगला आहे. परंतु त्याची अंमलबजावणी कशी होते? जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या कंपन्यांना सल्ला दिला की तीन महिन्यांत तुम्ही आपली तपासणी आपणच करावी. झडतीचे वॉरंट चोराच्याच हाती देऊन ‘बघा बरे घरात काही सापडते का’ असे विचारण्याचा हा प्रकार आहे. फेरीवाल्याच्या तराजूची तपासणी करावयास निरीक्षक जातो. त्या फेरीवाल्याला कोणी म्हणत नाही की बाबा, तुझा काटा तूच तपासून दाखला दे. कायद्यापुढे सर्व समान असतील, तर अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या काट्याला निराळा न्याय का?

महाराष्ट्राला तर हा धडा नव्याने शिकण्याचे कारण नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदावर अधिक होता, कारण न वाचता आलेल्या कागदावर उठविलेला अंगठा न्यायालयात अंतिम सत्य ठरत होता. परकीय सरकारलाही अखेर नमावे लागले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशावर जबाबदारी टाकली की खतावरील आकडा पाहून थांबू नका. त्यामागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासा. आजचे ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ हे बटण म्हणजे तोच अंगठा आहे. फरक इतकाच की आता अंगठा उठविणारा साक्षर आहे, आणि तरीही कागद वाचता येऊ नये अशीच त्याची रचना केलेली आहे.

येथे आपल्याच चळवळीला दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी स्वयंपाकघरातील प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणून ठेवला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यानंतर मात्र आम्ही समाजवाद्यांनी ग्राहकाचा प्रश्न हळूहळू ‘मध्यमवर्गीय’ म्हणून बाजूस सारला. कामगार म्हणून माणसाची लूट होते ती आम्हाला दिसली. तोच कामगार सायंकाळी ग्राहक होतो आणि सकाळी मिळविलेली मजुरी तेथे गमावतो, हे आम्ही विसरलो. शोषणाच्या दोन टोकांपैकी एकावरच पहारा ठेवला, तर दुसऱ्या टोकाने घर रिकामे होते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. न मागितलेल्या वस्तू-सेवेतून कोणतेही देणे उत्पन्न होत नाही, असे सरळ कलम ग्राहक संरक्षण कायद्यात घालावे. पैसे लागणार असतील तेथे बटणावरच ते मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. नसेल तर करार रद्द समजावा. होकार सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर असावा. वादग्रस्त देणे पतनोंदीत घालण्यास बंदी असावी. आणि न मागितलेल्या कार्डासाठी बँकेला जो दुप्पट दंड आहे, तो प्रत्येक न मागितलेल्या बिलाला लागू व्हावा. कारण खोटे बिल पाठविण्याचा खर्च वाढल्याखेरीज ते थांबणार नाही.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे असे मात्र नाही. प्रत्येक शाखेत आठवड्यातून एक संध्याकाळ ‘बिल तपासणी’साठी ठेवावी. लोकांनी आपली बिले, संदेश, वसुलीची पत्रे घेऊन यावे. नकाराचे पत्र कसे लिहावे, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार कशी नोंदवावी, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे त्यांना सांगावे. एकाच कंपनीविरुद्धच्या वीस तक्रारी एकत्र बांधल्या की एकट्याला परवडत नसलेली लढाई वीस जणांना परवडते. संघटनेचा याहून सोपा धडा कोणत्या अभ्यासवर्गात देता येईल?

विद्यार्थ्याने नकाराचे पत्र टपालात टाकले आहे. वसुली कंपनी पुन्हा लिहील कदाचित. त्याला मी कळविले की रक्कम लहान आहे हे खरे. पण तू भरलेल्या लहान रकमेतूनच पुढच्या हजार माणसांना पाठवावयाच्या बिलांचा खर्च निघणार आहे. आपली झोप विकत घेताना आपण शेजाऱ्याची झोप विकत असतो. म्हणून नाही म्हणावे, मोठ्याने म्हणावे, आणि शक्यतो चारचौघांनी मिळून म्हणावे.