मृगाआधीचे शहाणपण

रोहिणी नक्षत्राच्या अखेरीस वळवाच्या दोन सरी पडून गेल्या, की वारजे परिसराचे रूप पंधरा दिवसांत पालटते. महामार्गालगतच्या मोकळ्या जागा, कालव्याचे काठ, नव्या इमारतींच्या पायाशी पडलेले मातीचे ढिगारे, सारे हिरवे होते. दुरून ही हिरवाई सुखद वाटते. जवळ जाऊन पाहिले म्हणजे तिचा मोठा भाग गाजरगवताचा असल्याचे ध्यानात येते. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या या गावात आज शेते थोडी आणि सोसायट्या फार. परंतु तणाला सात-बाराचा उतारा लागत नाही. आवाराच्या भिंतीआत जोपासलेल्या हिरवळीतही ते हक्काने शिरते.

या तणाशी पुण्याचे नाते जुने आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यातील उकिरड्यांवर ते आढळल्याची नोंद झाली आणि त्याच्या देशभरातील प्रसाराची हकिकत बहुधा तेथूनच सांगितली जाते. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर ते येथे आले, असा समज रूढ आहे. मात्र त्या कायद्याखालील भारताचा करार ऑगस्ट १९५६ मधील असल्याने हा समज तपासूनच स्वीकारला पाहिजे. ते कोठून आले, हा अभ्यासकांचा प्रश्न झाला. ते हटत का नाही, हा प्रश्न आपला आहे. एका झाडाला हजारो बिया धरतात, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि त्याच्या स्पर्शाने व परागांनी अनेकांना त्वचेचे व श्वसनाचे विकार जडतात. १९८४ साली त्याच्यावर जगणारे मेक्सिकन भुंगे बंगळूरला सोडण्यात आले. पण भुंगा खातो ते उगवलेले पान. मातीत दडलेल्या बीचा प्रश्न तसाच उरतो.

या बीसाठी बाजारात उगवणपूर्व तणनाशके मिळतात. त्यांचा उपयोग आपण कसा करतो, याचा एक दाखला प्रस्तुत लेखकाच्या गृहरचना संस्थेतलाच आहे. गतवर्षी जुलैत, हिरवळीत वीतभर तण माजल्यावर, व्यवस्थापक समितीने असे औषध आणविले. दोन गुंठ्यांच्या हिरवळीवर अर्ध्या लिटरची बाटली संपूर्ण रिकामी करण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, ‘माती मोकळी होऊ द्या’ म्हणून माळीबुवांकडून जागा खुरप्याने हलवून घेतली. महिन्याभरात तण पूर्ववत उभे राहिले आणि हरळी मात्र जागोजाग पिवळी पडली. पुढच्या बैठकीत औषध बनावट ठरले, माळीबुवा कामचुकार ठरले आणि त्यांना काढून टाकण्याचा ठराव पुढे आला. मी त्या समितीचा खजिनदार होतो. बाटलीसोबतचे माहितीपत्रक मी त्या बैठकीनंतर प्रथम वाचले, हे येथे कबूल केले पाहिजे.

उगवणपूर्व औषध उभ्या तणाला मारण्यासाठी नसतेच. ते मातीच्या वरच्या थरात एक पातळ पडदा धरते. त्यातून वर येऊ पाहणारा कोवळा अंकुर तेथेच खुंटतो. म्हणून त्याची वेळ मृगाच्या पावसाने बी रुजण्यापूर्वीची. फवारणीनंतर हलके पाणी हवे, म्हणजे औषध मातीत बसते. मुसळधार पावसाच्या तोंडावर फवारले तर मातीबरोबर ते नाल्यात आणि नाल्यातून मुठेत जाते. यांतील कित्येक औषधे माशांना विषारी असतात. पडदा बसल्यावर माती उकरली, की त्याला भोके पडतात. लव्हाळ्यासारखे गाठींतून फुटणारे तण बहुतेक अशा औषधांना दाद देत नाही, तेथे गाठी खणून काढणे हाच उपाय. आणि नव्याने पेरलेल्या हिरवळीवर ते मारले तर हिरवळीचे बीही उगवत नाही, कारण आपले-परके हा भेद औषधाला कळत नाही.

मात्रेचा हिशेब तर शाळकरी त्रैराशिकाचा आहे. पेंडिमेथॅलिन ३० टक्के हे औषध शेतात हेक्टरी सुमारे ३.३ लिटर, ५०० लिटर पाण्यातून देतात. हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे. तेव्हा एका गुंठ्याला आले अवघे ३३ मिलिलिटर औषध आणि ५ लिटर पाणी. आमच्या दोन गुंठ्यांना ६६ मिलिलिटर पुरे होते; आम्ही ५०० ओतले. त्यातही हे माप शेतातील पिकांचे. माहितीपत्रकात हिरवळीचा उल्लेख नसेल, तर ते औषध हिरवळीवर मारूच नये. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तणनाशकेही येतात आणि डब्यावरील लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो, तो शोभेसाठी नसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती औषधे वेगळी आणि पीक कपाशीचे होते हे खरे. तथापि पंप पाठीवर घेणाऱ्याला हातमोजे, मुखपट्टी आणि पुरती माहिती न देण्याची आपली सवय गावातही तीच आणि शहरातही तीच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता दोष केवळ अज्ञानाचा नाही. मे महिन्यात जमीन उघडी दिसते. न दिसणाऱ्या तणावर तेव्हा खर्च करण्यास कोणी राजी नसतो. जुलैत तण डोळ्यांत भरते आणि पैसा सैल सुटतो, परंतु तोवर त्या पैशाची उपयुक्तता संपलेली असते. शिवाय एकाच्या आवारातील बी वारा आणि पाणी शेजाऱ्याकडे नेतात. म्हणजे हयगय एकाची आणि भुर्दंड साऱ्या गल्लीला. अशा ठिकाणी एकेका संस्थेने बाटल्या विकत घेण्यापेक्षा शेजारच्या चार-पाच संस्थांनी मिळून फुलोऱ्यापूर्वी, पावसाने माती भिजलेली असताना, हातमोजे घालून गाजरगवत मुळासकट उपटावे, हे अधिक स्वस्त आणि अधिक निर्धोक. हिरवळ फार बुडापासून न कापता दाट राखली, तर तणाला जागाच कमी उरते. एवढे करूनही औषधाची गरज भासली, तर पत्रक वाचून, मोजून आणि वेळेवर.

माळीबुवांवरील ठराव आम्ही मागे घेतला. त्यांनी जूनच्या आरंभीच ‘साहेब, आत्ताच काही केलं तर बरं’ असे सुचविले होते, हे नंतर इतिवृत्त चाळताना आढळले. त्यापुढे शेरा होता, ‘विषय पुढील बैठकीत घ्यावा.’ तो माझ्याच हस्ताक्षरात होता.