अक्षरांचे अदत्तादान

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात हिरडा विपुल मिळतो. आदिवासी कुटुंबे बाळहिरडा वेचून वाळवतात आणि पुढे तो व्यापाऱ्यांकडे येतो. हिरड्याचे गुण आयुर्वेदाने शतकानुशतके सांगितले आहेत. त्यांवर कोणाचीही मालकी नाही. परंतु एखाद्या वैद्याने आरोग्य मासिकासाठी हिरड्यावर लेख लिहिला, तर त्या लेखाची शब्दरचना त्याची ठरते. माहिती सर्वांची, मांडणी लेखकाची, हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे मर्म होय.

हा हक्क लेखनाबरोबरच जन्माला येतो. नोंदणी ऐच्छिक आहे. सोयाबीन तेलाच्या वेष्टनासंबंधीच्या संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच स्पष्ट केले. तरीही नोंदणी निरर्थक नव्हे. वाद उद्भवल्यास ती प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये असून हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. मासिकाच्या नावाला मात्र हे संरक्षण लाभत नाही. नियतकालिकाची नोंदणी प्रेस महानिबंधकांकडे स्वतंत्रपणे करावी लागते.

मासिक चालविणाऱ्यांनी आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. पगारी संपादकाने मासिकासाठी केलेल्या लेखनाच्या प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे असतो. पाहुण्या वैद्याचा लेख मानधन देऊनही मालकाचा होत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण हवे. त्यात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. पेढीच्या व्यवहारात जी लेखी चोखता पाळली जाते, तीच येथेही पाळावी.

आज आरोग्यलेख मोबाइलवरून घरोघरी फिरतात. लेखकाचे नाव गळते आणि मजकूरही छाटला जातो. गर्भवतींनी हिरडा टाळावा, ही सूचना अशा छाटणीत गळाली, तर हानी केवळ लेखकाची होत नाही. म्हणजे अचौर्याबरोबर अहिंसेलाही येथे बाधा पोहोचते. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, हे श्रावकाला बालपणापासून ठाऊक असते. दुकानातील मापाला लागू असलेले ते व्रत अक्षरांनाही लागू आहे. लेखकाची अनुमती घ्यावी, त्याचे नाव द्यावे आणि लेख अखंड छापावा. नोंदणीचे प्रमाणपत्र हक्क सिद्ध करील. व्रत मात्र आचरणानेच सिद्ध होते.